अर्जातलं ‘सिन्सिअर’

रावेर

चि. मनीषा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज वाचला. शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’ घालू की ‘युअर्स फेथफुली’, असं विचारलंस. ब्रिटिश वळण सोपं आहे. नाव न घेता ‘डिअर सर’ म्हटलं तर फेथफुली, आडनाव घेऊन सुरुवात केली तर सिन्सिअरली. आपल्या अर्जातलं ‘आपला विश्वासू’ हे त्या फेथफुलीचंच भावंड. तू साहेबांचं आडनाव घातलं आहेस, तेव्हा सिन्सिअरलीच ठेव.

मला बोलायचं आहे ते वरच्या ओळीबद्दल. ‘मी अतिशय सिन्सिअर आहे.’ आपल्याकडे सिन्सिअर पोरगी म्हणजे वेळेवर येणारी, अभ्यास न चुकवणारी. शाळेच्या शेऱ्यापासून स्थळाच्या बोलणीपर्यंत हाच अर्थ चालतो. पण तुझी कंपनी बाहेरदेशची, आणि तिकडे हा शब्द मनाचा आहे. पोटात तेच ओठात, तो सिन्सिअर. म्हणून माफी सिन्सिअर असते, आभार सिन्सिअर असतात. मूळ लॅटिन शब्दही शुद्ध, निर्भेळ अशाच अर्थाचा. (मूर्तीच्या भेगा मेणानं न बुजवणारा तो सिन्सिअर, अशी एक गोष्ट सांगतात. तिला आधार नाही, मुलाखतीत सांगू नकोस.) आपणच आपल्याला असं म्हटलं की वाचणारा थबकतो. कष्टाळू म्हणायचं तर ‘डिलिजंट’ आहे, पण माझं ऐकशील तर तोही नको.

त्यापेक्षा केळीवरच्या करपा रोगाची वही सांग. दर आठवड्याला केळीच्या बागेत जाऊन तू एकेका झाडाची रोगट पानं मोजायचीस. एकदा पावसात वही भिजली, शाई पसरली, पानं एकमेकांना चिकटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखल तुडवत गेलीस आणि झाडांची ती सगळी ओळ नव्यानं मोजून पेन्सिलीनं लिहिलीस. अंदाजानं आकडे भरले असतेस तरी कुणी विचारणारं नव्हतं.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. त्यांची माया आणि त्यांचं काम वेगळं काढताच येत नसे. तुझ्या त्या वहीत मला तेच दिसतं, बाई, आणि फार बरं वाटतं.

तेव्हा ‘सिन्सिअर’ची ती ओळ खोड. वहीचं दोन वाक्यांत लिही, कोणत्या हंगामात मोजलं तेही घाल. आणि पाठवण्याआधी मला एकदा दाखव.

तुझे
आप्पा