अमोनियाचे तक्ते आणि फुकटचे कूलप्रॉप

संपादक महोदय, स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. दरवर्षी आम्ही मुलांना तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेतो. तिथे थंडावा अमोनियाच्या चक्रातून येतो. यंदा अमोनियाच्या कॉम्प्रेसरपाशी सक्शन गेजवर, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या वाफेचा दाब दाखवणाऱ्या मापकावर, काटा 1.9 बारवर होता. एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाने वहीतला झेरॉक्स तक्ता काढला (कुठल्या दाबाला अमोनिया किती अंशाला उकळतो, ते त्यात असतं), 1.9 ची ओळ शोधली आणि सांगितलं, "मॅडम, आत उणे 20 अंश आहे." प्लांटचे ऑपरेटर काका म्हणाले, "नाही बाळा, एवढं खाली चालवलं तर विजेचं बिल कोण भरणार? उणे 10 आहे."

काका बरोबर होते. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं, तक्त्यात निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा धरून एकूण दाब असतो. 1.9 मध्ये वातावरणाचा साधारण 1 बार मिळवला की 2.9 होतात, आणि त्या दाबाला अमोनिया उणे 10 अंशाला उकळतो. मुलगा हुशार आहे. पण अख्ख्या वर्षात त्याने तक्त्यातून जेमतेम तीन-चार बिंदू काढले होते. एवढ्यावर अंदाज कसा बसणार?

परत आल्यावर विभागातल्या जुन्या लॅपटॉपवर कूलप्रॉप घातलं. तक्त्यातले हे आकडे गणित करून देणारं हे फुकट सॉफ्टवेअर आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एका ओळीची आज्ञा, की ते उतरतं. दाब 1,90,000 पास्कल (म्हणजे 1.9 बार), पदार्थ अमोनिया, संपृक्त म्हणजे उकळण्याचं तापमान किती? 253 केल्विन, म्हणजे उणे 20 अंश. 2,90,000 दिले, 263, म्हणजे उणे 10. त्याच मुलाने मग आपणहून दहा वेगवेगळे सक्शन दाब घालून कॉम्प्रेसरचं काम कसं बदलतं त्याचा आलेख काढला. तक्ता घेऊन बसला असता तर तीन प्रॅक्टिकलचे तास गेले असते.

कूलप्रॉप बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात इयान बेल आणि सहकाऱ्यांनी उभं केलं. डेन्मार्कमधल्या संशोधकाचाही त्यात हात आहे. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध 2014 साली आला. पाणी, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, फ्रिजमध्ये वापरलं जाणारं आर 134 ए असे शंभरावर पदार्थ त्यात आहेत. प्रत्येकासाठी कुठलं समीकरण वापरलंय आणि ते कोणाच्या निबंधातून घेतलंय, हे उघड लिहिलेलं आहे. कोणालाही फुकट वापरू देणाऱ्या एमआयटी परवान्यामुळे कॉलेजनेच काय, कोल्ड स्टोरेजच्या मालकानेही बिनदिक्कत वापरावं. एक्सेलमध्येही चालतं.

हे उघड असणं मला फार मोलाचं वाटतं, आणि त्याला कारण आहे. मी शिकत असताना तोंडी परीक्षेत माझ्या अमोनियाच्या एन्थाल्पीचे (पदार्थातल्या उष्णता-ऊर्जेच्या मापाचे) आकडे परीक्षकांच्या आकड्यांपेक्षा किलोमागे सुमारे 20 किलोज्यूलने जास्त निघाले. "चुकलं" म्हणून गुण कापले. खरं तर माझ्या तक्त्यात शून्य अंशाच्या द्रवाला 200 धरले होते, त्यांच्या तक्त्यात उणे 40 च्या द्रवाला शून्य. वजाबाकी केली की फरक नाहीसा होतो, रेफ्रिजरेशन इफेक्ट, म्हणजे अमोनिया किती उष्णता शोषतो तो आकडा, तोच येतो. हे तेव्हा मला सांगता आलं नाही. कूलप्रॉपमध्ये हा संदर्भबिंदू विद्यार्थी स्वतः बदलून पाहू शकतो.

माझ्या आधीच्या नोकरीतल्या कॉलेजात महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी सगळ्या संगणकांवर होती. मुलांना आपण दुसऱ्याची मेहनत चोरायची सवय लावतो, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

तक्ते काढून टाका असं माझं म्हणणं नाही. इंटरपोलेशन, म्हणजे तक्त्यातल्या दोन ओळींमधला आकडा काढणं, एकदा हाताने केल्याशिवाय पुढचं कळत नाही. कूलप्रॉपलाही डोळे झाकून विचारून भागत नाही. त्याला केल्विन, पास्कल आणि ज्यूलच कळतात. एका मुलीने 5 अंश म्हणून नुसते 5 टाकले, तेव्हा ते 5 केल्विन धरून त्याने नकार दिला, कारण अमोनिया 195 केल्विनच्या आसपासच गोठतो. त्या नकारावर अर्धा तास चर्चा झाली आणि तो माझा या वर्षातला सर्वांत चांगला तास होता. मिश्रणांच्या बाबतीत मात्र आकडे जपून घ्यावेत, शक्य तिथे ताडून पाहावेत.

मुंबईच्या आयआयटीचा फॉसी प्रकल्प डीडब्ल्यूसिम (रासायनिक प्रक्रियांसाठी), सायलॅब (आकडेमोडीसाठी) अशा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तिथलेच स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे बोलून शिकवणारे व्हिडिओ धडे, मराठीतही आहेत. कूलप्रॉपवर तसं एक मराठी ट्युटोरियल व्हावं, आणि तंत्रशिक्षण मंडळाने रेफ्रिजरेशनच्या प्रयोगवहीत त्याचा किमान एक प्रयोग घालावा. गेजच्या काट्यापासून सुरू होणारा प्रयोग मी लिहून ठेवला आहे. मंडळाने मागितला तर लगेच पाठवीन, आणि तोवर येत्या सत्रात माझ्या वर्गात तो घेणार आहेच.

आपली,
एक अधिव्याख्याता, यंत्र अभियांत्रिकी विभाग, सांगली