एकाच टेबलाभोवती तीन इयत्ता

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मुलांना शाळेत पाठवणार नाही हे समजलं. पण शिकवणार काय, आणि कशातून?" धाकटी सारखा फोन ओढत होती, त्यामुळे धड बोलता आलं नाही. शिवाय अशा गोष्टी तुम्हाला कागदावर, दोनदा वाचायला आवडतात. आई, तुझाही प्रश्न माझ्या लक्षात आहे: "तीन वयांची तीन पोरं, तुला एकटीला झेपणार कसं?" अभ्यासक्रम निवडताना माझ्यापुढेही सगळ्यात मोठा प्रश्न हाच होता.

आधी कायद्याचं सांगते, कारण बाबांच्या मनात ती धास्ती आहे. पेनसिल्व्हेनियात होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलांना घरीच शिकवण्याचा, कायदा 1988 पासून आहे आणि तो चांगलाच कडक आहे. दरवर्षी 1 ऑगस्टच्या आत स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाकडे, प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि त्यासोबत काय शिकवणार याची रूपरेषा जोडायची. प्राथमिकच्या मुलांना वर्षात 180 दिवस किंवा 900 तास शिकवलंच पाहिजे. वाचलेल्या पुस्तकांची नोंदवही आणि मुलांच्या कामाचे नमुने यांचा पोर्टफोलिओ ठेवायचा. वर्षाअखेरी पात्र मूल्यमापक तो तपासतो, मुलाशी बोलतो आणि पत्र देतो, ते 30 जूनपर्यंत डिस्ट्रिक्टकडे जातं. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणी असते. म्हणजे मधल्याला याच वर्षी द्यावी लागेल, थोरलीला थेट आठवीत. इथे सक्तीचं शिक्षण सहाव्या वर्षापासून, त्यामुळे धाकटीचे कागद यंदा लागत नाहीत. विषयही कायद्यातच लिहिलेत: इंग्रजी, गणित, विज्ञान, भूगोल, देशाचा आणि राज्याचा इतिहास, नागरिकशास्त्र, आरोग्य, व्यायाम, चित्रकला, संगीत. आगीचे धोके आणि आगीपासून बचाव हेसुद्धा शिकवावं लागतं. मराठी यादीत नाही. ती आपण आपल्या हौसेनं आणि गरजेनं घालतोय.

आता अभ्यासक्रमाकडे येते. इथे घरी शिकवणाऱ्यांसाठी बाजारात इतकं काही मिळतं की पहिले काही दिवस मी नुसती चाळत बसले. सरधोपट मार्ग म्हणजे इयत्तेप्रमाणे तयार संच मागवायचा. पुस्तकं, सरावपुस्तिका, प्रयोगाचं साहित्य आणि रोज काय करायचं याचं वेळापत्रक, सगळं एका खोक्यात. एका मुलाचं एका इयत्तेचं खोकं कित्येकशे डॉलरचं. पैशांचं मी नंतर बघितलं असतं, पण तीन खोकी म्हणजे काय होतं ते बघा. थोरलीचा इतिहास इजिप्तचा, मधल्याचा अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतींचा, धाकटीचा 'आपले मदतनीस'. विज्ञानात एकीचे अणू, एकाचे खडक आणि एकीच्या बिया. त्यात हाताने करायचं काम असेल तर तीन वेगळी सामानं, तीन वेगळे पसारे. मी एकाच्या खुर्चीमागून दुसऱ्याच्या खुर्चीमागे धावत राहणार आणि कुणाशीच नीट बोलणं होणार नाही. आई, तुला वाटलेली भीती या पद्धतीत अगदी खरी ठरली असती.

म्हणून मी विषयांचेच दोन भाग केले. वाचन, लेखन आणि गणित पायऱ्यापायऱ्यांनी चढायचे विषय. खालची पायरी पक्की नसेल तर वरची चढता येत नाही, म्हणून ते ज्याचे त्याला वेगळे आणि थोडा वेळच. इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला यांचं तसं नाही. नाईल नदी अकरा वर्षांच्या मुलीला शिकता येते, तशी पाच वर्षांच्या मुलीलाही तिच्या परीनं शिकता येते. हे विषय तिघांना एकत्र. विषय एक, सामान एक, गोष्ट एक, काम मात्र प्रत्येकाच्या वयाचं. इथले होमस्कूलिंगवाले याला 'फॅमिली स्टाईल' म्हणतात. पुष्कळ अभ्यासक्रम अशाच पद्धतीने लिहिलेले असतात, आणि मी त्यांतलाच एक घेतला.

तेवढ्यावर भागत नाही. 'हँड्स-ऑन', म्हणजे हाताने करून शिकायचं, असं तर प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं. मी नमुन्याचे धडे मागवून वाचले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: यातलं हाताचं काम काढून टाकलं तर शिकण्यातलं काही कमी होतं का? कापूस कागदावर चिकटवून त्याला ढग म्हटलं, तर मूल डिंक लावायला शिकतं. ढगाबद्दल त्याला काहीही नवं कळत नाही. साखरेच्या ठोकळ्यांचा पिरॅमिड दिसतो छान, पण त्यातून इजिप्त समजत नाही. असले धडे मी बाजूला ठेवले. ज्यात हात चालल्याशिवाय ती गोष्ट कळणारच नाही, असेच शोधले.

उन्हाळ्यात त्यातला एक धडा करून पाहिला, तो सांगते. प्राचीन इजिप्शियन लोक मृतदेह टिकवायला नॅट्रॉन नावाचा नैसर्गिक क्षार वापरत. त्यात मुख्यतः सोडा असतो, थोडं मीठही असतं. देह त्यात सुमारे 40 दिवस ठेवून पूर्ण वाळवत. आम्ही देहाऐवजी सफरचंद घेतलं. फोडी केल्या, त्यांचं वजन केलं आणि त्या मीठ अन् खायच्या सोड्याच्या मिश्रणात पुरल्या. मधला म्हणाला, "एक फोड नुसती ठेवू, एक फक्त मिठात, एक फक्त सोड्यात." हे पुस्तकात नंतर येणार होतं, त्यानं आधीच मागितलं. धाकटीचं काम रोज बघून चित्र काढायचं आणि हात लावून ओलं की कोरडं ते सांगायचं. मधल्यानं आठवडाभर रोज मीठ झटकून वजन केलं, तक्त्यात लिहिलं आणि पुन्हा फोडी पुरून ठेवल्या. थोरलीनं वजन किती टक्क्यांनी घटलं ते काढलं, आलेख काढला आणि पाणी पेशीतून बाहेर का येतं ते शोधून भावंडांना समजावलं. उघड्या फोडीला बुरशी आली. मिश्रणातली आक्रसून चामड्यासारखी झाली, पण सडली नाही. तेव्हा थोरली म्हणाली, "हे आजीच्या कैरीसारखं आहे, मीठ लावलं की पाणी सुटतं." आई, तुझ्या लोणच्याच्या बरणीचा इजिप्तशी संबंध लागला तो असा. तिघांनी मिळून एकच गोष्ट केली आणि तिघांनाही आपापलं मिळालं. मला जे हवं होतं ते हेच, अशी त्या दिवशी खात्री पटली.

गणितासाठी मुख्य साधन म्हणून क्विझनेअर कांड्या घेतल्या. जॉर्ज क्विझनेअर नावाच्या बेल्जियममधल्या प्राथमिक शिक्षकानं त्या तयार केल्या. 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंत दहा लांबीच्या, प्रत्येक लांबीला ठरलेला रंग. अंक त्यांवर लिहिलेला नसतो. एकच डबा तिघांना पुरतो. धाकटी दहाची जोडी लावते: पिवळ्या दोन, निळी आणि पांढरी. मधला कांड्या शेजारी शेजारी मांडून गुणाकाराचे आयत करतो. थोरली अपूर्णांक करते, आणि बाबा, इथे मला तुमची फार आठवण आली. 8 ची तपकिरी कांडी एक धरली, तर लाल म्हणजे पाव, जांभळी म्हणजे अर्धा, गडद हिरवी म्हणजे पाऊण आणि नारिंगी बरोबर सव्वा! नारिंगीला लाल जोडली की दीड. तुम्ही आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले होतेत, ते सगळे टेबलावर रंगांत मांडलेले दिसले. इंग्रजीत पाऊण आणि सव्वाला असे सुटसुटीत स्वतंत्र शब्द नाहीत. थोरलीला ते शब्द इतके आवडले की ती आता कणीक मोजतानाही 'सव्वा कप' म्हणते.

बाबा, हे सगळं निवडताना माझ्या डोळ्यांपुढे तुमची वाडीवरची द्विशिक्षकी शाळा होती. तुमच्याकडे एका खोलीत दोन इयत्ता, आणि दुसरे गुरुजी तालुक्याला गेले की चारही. पहिलीवाले काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधत, तेव्हा चौथीवाले तेच गठ्ठे घेऊन भागाकार करत. ओढ्यावर नेलंत की लहानांनी पानं गोळा करायची, मोठ्यांनी झाडांची नावं लिहायची. मी पहिलीत बसून तुमचा चौथीचा भूगोल ऐकला आहे, आणि चौथीत पोचले तेव्हा त्यातलं निम्मं मला आधीच येत होतं. तेव्हा वाडीला शिक्षक कमी म्हणून हे करावं लागतंय असं सगळे म्हणायचे. आज मी समजून-उमजून तेच निवडते आहे. माँटेसरी पद्धतीतही मुलं वर्षावर्षाने वेगळी न करता तीन-तीन वर्षांच्या गटांत एकत्र ठेवतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. पानं, बिया, शंख हेच तिथलं साहित्य. आणि तुम्ही इथे आला होतात तेव्हा गाडी थांबवायला लावून जी अमिश लोकांची, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीनं राहणाऱ्या इथल्या ख्रिस्ती पंथाची, शाळा पाहिलीत, ती आठवते ना? एक खोली, एक शिक्षिका, पहिली ते आठवी. कुंपणापाशी उभे राहून तुम्ही म्हणालात, "हिला मदत करणारी मोठी मुलं चांगली तयार झालेली दिसतात." ते वाक्य माझ्या मनात राहिलं होतं.

निवडीत आणखी एक गोष्ट मी काटेकोरपणे पाहिली. इथले बरेच तयार अभ्यासक्रम श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांसाठी लिहिलेले असतात, आणि त्यांतल्या काहींत पृथ्वीचं वय काही हजार वर्षंच सांगतात. त्या लोकांची श्रद्धा त्यांच्यापाशी, पण माझ्या मुलांनी विज्ञान विज्ञान म्हणूनच शिकावं. म्हणून उत्क्रांती आणि भूशास्त्र सरळ शिकवणाराच घेतला.

पहिला मोठा घटक सप्टेंबरात, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा. इथून फार लांब नाही असा हॉक माउंटन म्हणून डोंगर आहे. पूर्वी लोक तिथे जमून ससाणे-गरुड बंदुकीने टिपायचे. 1934 मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगर भाड्यानं घेतला आणि शिकार बंद पाडली. तेव्हापासून तिथे शिकारी पक्ष्यांची मोजणी चालू आहे. सप्टेंबरच्या मध्यात रुंद पंखांचे ससाणे दक्षिणेकडे जाताना मोठ्या संख्येने दिसतात. धाकटी आकार ओळखेल, मधला तासाला किती ते मोजेल, थोरली गेल्या वर्षांचे आकडे काढून तुलना करेल. पाच वर्षांच्या मुलीला दुर्बीण धरवत नाही, म्हणून तिच्यासाठी पुठ्ठ्यावर पक्ष्यांच्या सावल्या कापून ठेवल्या आहेत.

आई, आता माझ्या दमण्याचं. दिवसाचे तास मी तिघांत वाटलेले नाहीत. सकाळी प्रत्येकाचं गणित-वाचन, तेही आलटून-पालटून. थोरलीला माझी गरज असते तेव्हा धाकटीसमोर ताट असतं: राजमा एका वाटीतून दुसरीत ओतायचा, मटार सोलायचे, कणकेचे गोळे करायचे. ही कामं तिला खरोखर आवडतात आणि हाताची बोटं लिहिण्यासाठी तयार होतात. दुपारी एकत्र विषय. शुक्रवार राहिलेलं पुरं करायला मोकळा. ह्यांनी थोरलीचं गणित संध्याकाळी स्वतःकडे घेतलंय. पुस्तकं गावच्या सार्वजनिक वाचनालयातून फुकट मिळतात, त्यामुळे खर्चही आटोक्यात आहे.

मित्र-मैत्रिणींचं तुम्ही दोघंही विचारता. आठवड्यातून एकदा चार-पाच कुटुंबं मिळून मुलांना एकत्र शिकवतो. इथल्या कायद्यानं घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या खेळांत आणि वाद्यवृंदातही भाग घेता येतो. थोरलीनं व्हायोलिनसाठी नाव दिलंय. आणि पुढे कुणाला शाळेत जावंसं वाटलं, तर दार बंद होत नाही.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात, आणि त्या मी नुसत्या मानापुरत्या मागत नाही. बाबा, मंगळवारी आणि गुरुवारी मधल्याला आणि थोरलीला व्हिडिओवर पावकी-निमकी शिकवाल का? आमची सकाळची आठची वेळ म्हणजे तुमची संध्याकाळची साडेपाच, नोव्हेंबरपासून साडेसहा. कांड्यांचा एक डबा तुमच्यासाठीही पाठवते, म्हणजे दोन्हीकडे तेच साहित्य राहील. काय शिकवलंत त्याची तारीखवार टिपणं ठेवा, मी पोर्टफोलिओत लावीन. आई, तू धाकटीला ठिपक्यांची रांगोळी शिकव. चार बाय चारपासून सुरू कर. ठिपके मोजणं, सरळ रेघ, दोन्ही बाजू सारख्या येणं, पाच वर्षांच्या मुलीची भूमिती यात सगळी आहे, आणि ती मला तुझ्याइतकी चांगली शिकवता येत नाही.

रूपरेषेची प्रत सोबत जोडली आहे. बाबा, लाल पेन घेऊन वाचा आणि जिथे पटणार नाही तिथे समासात लिहा. 1 ऑगस्टच्या आत डिस्ट्रिक्टकडे द्यायची आहे, तेव्हा त्याआधी फोनवर बोलू. आईच्या गुडघ्याचे व्यायाम बंद पडू देऊ नका.

तुमची लेक