उत्तर निघाल्यानंतरची दहा मिनिटे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा तोंडावर आल्या की रोज किती तास बसावे, वेळापत्रक कसे आखावे, यावर पुष्कळ छापून येते. विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलामुलींचे अडते ते मात्र तासांमुळे नाही. काढलेले उत्तर बरोबर आहे का, हे पुस्तकाचे शेवटचे पान न उघडता ठरवता येत नाही, म्हणून अडते. उत्तर जुळले की पुढचे गणित, नाही जुळले की सोडवलेले उदाहरण, ही सवय शाळेपासून लागलेली असते. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ती अंगाशी येते. त्याबद्दलच हे पत्र.

कप्पीवरून दोरी आणि तिच्या दोन टोकांना दोन वजने, हे पहिल्या वर्षाचे गणित घ्या. एक वजन वर जाते तेव्हा दुसरे खाली येते, हे विसरून दोघांचे त्वरण एकाच चिन्हाने लिहिले, तर पुढची सगळी बीजगणिती आकडेमोड बिनचूक करूनही दोरीतला ताण शून्य येतो आणि दोन्ही वजने मोकळी खाली पडतात. गंमत म्हणजे एकके अगदी बरोबर असतात, म्हणून नुसती एकके तपासणाऱ्याला काही खटकत नाही. इथे टोकाच्या स्थिती घालून पाहाव्या लागतात. दोन्ही वजने सारखी असतील तर त्वरण शून्य यायला हवे. एक वजन नाहीसे झाले तर दुसऱ्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाइतके व्हायला हवे. खरे सूत्र, म्हणजे वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज गुणिले गुरुत्वत्वरण, या दोन्ही कसोट्यांना उतरते. चुकीचे सूत्र पहिल्याच कसोटीला पडते. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात.

एककांची तपासणी तरीही सोडू नये. घातांकात किंवा साइन, लॉगच्या पोटात एखादे एकक उरले असेल, तर चूक त्या ओळीच्या आधीच झालेली आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. आणि आकडा घातल्यावर कॅल्क्युलेटर अंशांत आहे की रेडियनमध्ये, हे पाहावे. रेडियनवर ठेवून साइन ३० काढले तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येते. लहान कोनाला साइन म्हणजे तो कोनच, हे आपण सर्रास वापरतो, पण तेही रेडियनमध्येच खरे असते. १० अंशांना त्यातली चूक अर्धा टक्का असते, ३० अंशांना जवळपास ५ टक्के.

गणिताच्या पेपरात तपासणीची रीत निराळी. सिद्धता पाठ झाली म्हणजे प्रमेय समजले असे नाही. प्रमेयातली एक-एक अट काढून टाकावी आणि सिद्धता नेमकी कोणत्या ओळीत कोसळते ते शोधावे. बंद, मर्यादित अंतरालावरचे सतत फंक्शन आपली कमाल किंमत गाठतेच. आता शून्य आणि एक ही टोके वगळून साधे 'एक्स' हे फंक्शन घ्या. ते १ च्या हवे तितके जवळ जाते, पण १ ला कधीच पोचत नाही. प्रत्येक अटीसाठी असे एक उदाहरण वहीत हवे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो 'प्रत्येकासाठी' आणि 'असा एक मिळतो' यांच्या क्रमात. एक्सचा वर्ग घ्या आणि त्याच्या किमतीतला फरक १ पेक्षा कमी ठेवायचा आहे असे समजा. एक्स १० असताना डेल्टा, म्हणजे एक्सला जितके हलू द्यायचे ते अंतर, साधारण ०.०५ चालतो, एक्स १००० असताना मात्र ०.०००५ च्या आसपास आणावा लागतो. डेल्टा बिंदूनुसार बदलतो, तेव्हा साधे सातत्य आहे. सर्व बिंदूंना पुरेल असा एकच डेल्टा सापडत नाही, म्हणून एकसमान सातत्य नाही. व्याख्या शंभर वेळा घोकण्यापेक्षा हे दोन आकडे हाताने काढणे जास्त उपयोगाचे.

आकडेमोडीच्या भरवशावरही राहू नये. १ अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश... ही बेरीज १० च्या पुढे जायला १२,३६७ पदे लागतात. संगणकावर पाहणाऱ्याला ती थांबलीच असे वाटते. प्रत्यक्षात एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून अर्ध्यापेक्षा जास्त, पुढची चार पदे मिळून पुन्हा अर्ध्यापेक्षा जास्त, असे गट पाडत गेले की बेरीज कोणत्याही आकड्याशी थांबत नाही हे दिसते.

दोन्ही विषय एकत्र शिकणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, आणि ती त्यांच्या बुद्धीची नसून पुस्तकांची आहे. गोलीय निर्देशकांत, म्हणजे बिंदूची जागा एक अंतर आणि दोन कोन यांनी सांगताना, भौतिकशास्त्राची पुस्तके झेड-अक्षापासूनच्या कोनाला थीटा म्हणतात, गणिताची अनेक पुस्तके त्यालाच फाय म्हणतात. फूरिए रूपांतरात, म्हणजे फंक्शन निरनिराळ्या वारंवारतांत फोडताना, दोन पाय (२π) कुठे लिहायचा, हेही पुस्तकागणिक बदलते. नवे पुस्तक उघडले की ही चिन्हे पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावीत.

प्रयोगशाळेत तर उत्तर 'आणण्याची' घाई सर्वांत घातक. साध्या लंबकाचाच प्रयोग पाहू. स्टॉपवॉच दाबण्यात हाताकडून ०.२ सेकंदांची चूक सहज होते. एक मीटर लांबीच्या लंबकाचे एक दोलन साधारण २ सेकंदांचे, म्हणजे चूक १० टक्के, आणि सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्याने गुरुत्वत्वरणात २० टक्के. २० दोलने मोजली की तीच चूक दोलनकालात अर्ध्या टक्क्यावर येते, गुरुत्वत्वरणात एक टक्क्यावर. गोळा मध्यातून जाताना मोजावे, कारण तिथे तो सर्वांत वेगवान असतो आणि तो क्षण नेमका पकडता येतो. घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणावे. 'एक' म्हटले तर वीस म्हणेपर्यंत १९ च दोलने होतात आणि गुरुत्वत्वरण १०.८ च्या वर जाते. असा आकडा आला की निसर्गाला दोष देण्याआधी मोजणी तपासावी.

लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता दोऱ्याच्या गाठीपर्यंतच मोजली आणि दीड सेंटिमीटर राहून गेले, असे समजा. एक मीटरला उत्तर दीड टक्क्याने कमी येईल, अर्ध्या मीटरला तीन टक्क्यांनी. निरनिराळ्या लांबींची उत्तरे काढून सरासरी घेतली तर ही चूक आत दडून बसते. त्याऐवजी दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढावा. चार पायवर्ग (४π²) भागिले चढ, म्हणजे गुरुत्वत्वरण, आणि चढ दर मीटरला ४.०३ च्या आसपास येतो. लांबीतली ठराविक चूक चढाला धक्का लावत नाही. रेषा फक्त आरंभबिंदूतून न जाता लांबीच्या अक्षाला उणे दीड सेंटिमीटरवर छेदते, म्हणजे चूक किती झाली तेही आलेखच सांगतो. पण कित्येक जण 'सूत्रात तसे आहे' म्हणून रेषा ओढूनताणून आरंभबिंदूतून नेतात आणि हा सगळा फायदा घालवतात.

संगणकाच्या प्रोग्रॅमलाही हेच लागू. स्प्रिंगचे दोलन ऑयलरच्या साध्या पद्धतीने, म्हणजे काळाच्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढे सरकत, काढताना नवे स्थान आणि नवा वेग दोन्ही जुन्याच किमतींवरून काढले, तर एका दोलनाला ६३ पायऱ्या घेऊनही ऊर्जा प्रत्येक पायरीला एक टक्का वाढते आणि एका दोलनात जवळपास १.९ पट होते. आधी वेग काढून त्या नव्या वेगाने स्थान काढले की ऊर्जा थोडी वरखाली होते, पण वाढत जात नाही. बदल एका ओळीचा आहे. म्हणून ऊर्जा छापून पाहावी, आणि पायरी निम्मी करून उत्तर हलते का तेही पाहावे.

गणित सुटतच नसेल तर अर्धा-पाऊण तास त्याच्याशी झगडावे, मग उत्तरातली एकच ओळ पाहून पुस्तक मिटावे आणि आपण कोणत्या ओळीला अडलो ते समासात लिहावे. आठवड्याने तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा करावे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. पाच गुणांच्या प्रश्नातला एक गुण उत्तराखालच्या तपासणीला ठेवा: एकक, टोकाची स्थिती किंवा अंदाजे आकडा, यांपैकी काहीही. उत्तर चुकले पण 'हे चुकले आहे, कारण सारख्या वजनांना त्वरण शून्य येत नाही' असे ज्याने लिहिले, त्याला तो गुण जरूर द्या.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक