बरनच्या पत्त्यावर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. गॉलवेतली खोली सोडून बरनमध्ये राहायला जाते म्हणालीस आणि पत्ता वाचलास. घराला नंबर नाही, गल्ली नाही. नुसतं टाउनलँडचं नाव, मग बॅलीव्हॉन, काउंटी क्लेअर, आयर्लंड. मला काकाची रात्र आठवली. गाडी दोन तास वाडी शोधत फिरत होती. म्हणून आवाज चढला.

माझं चुकलं. ३४ वर्षं मोजणीखात्यात काढलेल्या माणसानं जमिनीच्या नावाला घाबरू नये. चार दिवस तिकडचेच नकाशे बघतो आहे. टाउनलँड म्हणजे स्वतःची शीव असलेली वाडीच गं. अशा साठ हजारांवर आहेत त्या देशात. त्यांच्या वर पॅरिश, पॅरिशच्या वर बॅरनी, म्हणजे आपल्या तालुक्यासारखं. क्लेअरमध्ये अशा ११ बॅरनी, त्यातली तुझी बरन. आयरिशमध्ये त्याचा अर्थ खडकाळ जागा.

ही हद्द इंग्रजांनी आखलेली नाही. कॉर्कमरो नावाचा एकच जुना मुलूख होता, १२व्या शतकात त्याची फाळणी झाली. पूर्वेची बरन ओ लॉक्लिन घराण्याकडे, पश्चिम ओ कॉनर घराण्याकडे. पश्चिमेकडे कॉर्कमरो हे नाव राहिलं. इंग्रजांनी पुढे त्याच वाटण्यांना बॅरनी म्हटलं. गंमत बघ, कॉर्कमरोचा मठ मात्र आहे तुझ्या बरनमध्ये! फाळणीआधीचं नाव दगडाला चिकटून राहिलं. १८९८च्या कायद्यानं बॅरनीचं कामकाज काढून घेतलं, पण ती रद्द अशी कुणी केलीच नाही. आपल्या जुन्या सर्व्हे नंबरांसारखं. गट पडले तरी माणसं जुन्याच नंबरानं शेत ओळखतात.

आणि हे तुला सांगायचंच होतं. हिंदुस्थानची मोजणी करणारे एव्हरेस्टसाहेब १८२९ साली आयर्लंडला गेले होते. तिथे कोल्बी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी चालली होती. ऊन-थंडीनं लांबी बदलत नाही अशा जोडधातूच्या पट्ट्या त्यांनी तिथे पाहिल्या आणि हिंदुस्थानात आणल्या. माझ्या साखळीचं नातं तुझ्या गावापर्यंत पोचतं, हे वाचून रात्री झोप आली नाही.

पण रात्रपाळी करून येताना रस्त्यावर दिवे असतात का? आयरकोड टाकला की गाडी थेट दारात येते म्हणालीस. तो म्हणजे तिकडचा प्रत्येक घराचा वेगळा पिनकोड, २०१५पासून आहे, हेही वाचलं. तरी शेजारी कोण आहे? हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर आहे का?

नको, पुन्हा तेच चाललं माझं.

१६५१ साली लडलो नावाचा इंग्रज सेनापती तुझ्या बरनमधून गेला. इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फासावर द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही, असं म्हणाला. लोक एवढंच सांगतात. पण पुढे तोच म्हणाला की इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत, दगडांच्या फटीतलं गवत गोड आहे. आपल्याकडे गुरं हिवाळ्यात खाली उतरतात. बरनमध्ये ती हिवाळ्यात वर चढतात, कारण तो चुनखडक उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो. तू अशीच आहेस. सगळे खाली येतात तेव्हा तू वर निघतेस. दहावीच्या सुट्टीत भर उन्हात साखळीचं दुसरं टोक धरून तू माळावर उभी राहिलीस, पाय भाजले तरी हलली नाहीस. शिपाई म्हणाला, साहेब, पोरगी सरकारी नोकरीत घ्या. मी हसलो, पण त्या रात्री तुझ्या पायांना तूप लावताना मला बोलवेना.

दादाच्या वेळचं मनात आणू नकोस. ते वेगळं होतं. तुला परत ये असं मी म्हणणार नाही. आई म्हणेल, तिचं ऐकून घे.

एक कर. शेजारच्या घराची आणि वाटेवरच्या एखाद्या ठळक खुणेची माहिती कागदावर लिहून दाराच्या आत चिकटव. आणि घराच्या दगडी बांधापासून शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत किती पावलं होतात ते मोजून कळव. तुझं पाऊल अडीच फुटांचं आहे, मला माहीत आहे. बाकीचा हिशेब मी इथे करीन.

तुझे
बाबा