गाणारा थांबतो तेव्हा

टोकियो,
दि. १९ जानेवारी २०२५

प्रिय श्रीरंग,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दिवाळीत मिळाले आणि उत्तर लिहायला मी संक्रांत उलटू दिली, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. तू विषयच असा काढलास की दोन ओळींत उत्तर देणे माझ्या जिवावर आले. मुक्ताने तुला ऐकवलेल्या सहा जपानी गाण्यांत गिटार सगळीकडे होती, पण गिटारवादक एकाही गाण्यात भेटला नाही, गाणारा थांबून गिटारला एकटीला वाजवू देतो तो 'सोलो' कुठेच नव्हता, असे तू लिहिले होतेस. तुझे ते वाक्य गेले दोन महिने मी मनात घेऊन फिरतो आहे. इथे राहिल्यापासून अकरा वर्षे मला हेच जाणवत होते, पण ते इतक्या नेमकेपणाने मला कधी मांडता आले नव्हते.

डिसेंबरात आमच्या कार्यालयाची 'बोनेन्काई', म्हणजे सरत्या वर्षाला निरोप देणारी मेजवानी झाली आणि तिथून आम्ही नऊ जण शिंबाशीतल्या एका काराओकेच्या खोलीत जाऊन बसलो. आमचे विभागप्रमुख पंचावन्न वर्षांचे, एरवी फार न बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी बी'झ या जोडीचे नव्वदच्या दशकातले एक गाणे लावले. दुसऱ्यांदा 'साबी' गाऊन झाली (आपल्या ध्रुवपदासारखा गाण्याचा जो कळसाचा भाग, त्याला इथे साबी म्हणतात) आणि पडद्यावरची अक्षरे गेली. त्यांनी माइक छातीशी धरला, डोळे मिटले, आणि डाव्या हाताची बोटे नकळत माइकच्या दांड्यावर हलू लागली. गिटार नुकती वर चढत होती, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या तेविशीतल्या एका सहकाऱ्याने गाणे संपले असे समजून, अगदी मदतीच्या भावनेने, थांबवण्याचे बटण दाबले. खोलीत एकदम शांतता पसरली. "कोको कारा नानोनि," म्हणजे 'आता तर कुठे सुरू होत होते', एवढेच ते म्हणाले आणि हसून त्यांनी ग्लास उचलला. त्या मुलाने तीन-चार वेळा वाकून माफी मागितली. मला त्याचा राग आला नाही. ज्या गाण्यांवर तो वाढला, त्यांत अक्षरे गेली की गाणे संपलेलेच असते.

आपण कॉलेजात असताना जपानची गिटार म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी परदेशातून आणलेल्या दोन-तीन कॅसेटी होत्या. तिच्यामागे केवढा इतिहास आहे, हे मला इथे आल्यावर कळले. १९६५ च्या जानेवारीत अमेरिकेचा व्हेंचर्स हा वाद्यवृंद इथे दौऱ्यावर आला आणि देशभर 'एरेकी'चे, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचे, वेड पसरले. त्याच वर्षी तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने विद्यार्थ्यांना गिटार विकत घेण्यास आणि तिच्या कार्यक्रमांना जाण्यास मनाई केली. मुले बिघडतील, अशी भीती होती. तेराउची ताकेशी या गिटारवादकाने त्यावर काय केले असेल? तो वाद घालत बसला नाही. तो गिटार घेऊन शाळाशाळांत गेला आणि मुलांसमोर वाजवत राहिला. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी त्याने गिटारवर बसवली, आणि पुढे जपानी लोकगीतेही तो त्याच वाद्यावर वाजवत असे. २०२१ मध्ये तो गेला, तेव्हा ज्या शाळांत एकेकाळी या वाद्याला दार बंद होते तशा शाळांतही 'केइओन्-बू', म्हणजे गिटार-ड्रम वाजवणाऱ्या मुलांचे मंडळ, रीतसर चालू होते.

मनाईपासून मान्यतेपर्यंतच्या या प्रवासाचे शिखर ऐंशी-नव्वदच्या दशकांत आले. गिटारवादक ताकासाकी आकिरा यांचा लाउडनेस हा बँड १९८५ मध्ये अमेरिकेच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पोहोचला. एक्स जपान या बँडचा हिदे २ मे १९९८ रोजी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेला, तेव्हा त्सुकिजीच्या होंगान्-जी मंदिरात अंत्यदर्शनासाठी पन्नास हजारांच्या आसपास लोक लोटले. एका गिटारवादकासाठी, श्रीरंग! आणि बी'झ तर दोघांचीच जोडी: गाणारे इनाबा कोशी आणि गिटार वाजवणारे मात्सुमोतो ताकाहिरो. १९८८ पासून आजतागायत त्यांच्या मुखपृष्ठांवर, जाहिरातींत, मंचावर दोघांना सारखीच जागा आहे. इनाबा दुसरी साबी संपवून एक पाऊल मागे सरतात आणि मात्सुमोतो पुढे येतात. लाखो लोकांनी विकत घेतलेल्या गाण्यांत हा क्षण ठरलेला असे. कडवे, त्याची चढण, साबी, पुन्हा हे सारे, मग 'कान्सो' म्हणजे मधला वाद्यांचा भाग, आणि शेवटी परत साबी, असा गाण्याचा नकाशाच होता. सोलो त्या कान्सोत राहत असे.

आता कान्सो कुठे गेला? बहुतेकांचे उत्तर ठरलेले आहे: तरुणांना धीर नाही. २०२२ च्या सुमारास इथे यावर बराच वाद झाला. तरुण मुले सोलो आला की पुढे सरकवतात, असे अनुभवी संगीतकार हळहळून सांगू लागले. त्याच वर्षी सान्सेइदो या कोशप्रकाशकाने वर्षाचा नवा शब्द म्हणून 'ताइपा' निवडला. घालवलेल्या वेळेच्या बदल्यात किती पदरात पडले, याचा हिशेब म्हणजे ताइपा. या दोन गोष्टी एकत्र बांधून तरुणांवर ठपका ठेवणे फार सोपे आहे, आणि म्हणूनच मला ते पटत नाही.

माझ्या मते कान्सो ऐकणाऱ्यांनी काढायच्या आधीच गाणी करणाऱ्यांकडून गेला होता. ३१ ऑगस्ट २००७ रोजी सापोरोच्या क्रिप्टन या कंपनीने हात्सुने मिकू नावाचा गाणारा संगणकीय आवाज बाजारात आणला. खोलीत एकटा बसलेला मुलगा शब्द लिही, चाल लावी, वाद्ये भरी आणि मिकूकडून गाऊन घेई. आजचे कितीतरी मोठे रचनाकार याच वाटेने आले. योनेझू केन्शी पूर्वी 'हाची' या नावाने अशीच गाणी करत असत. योआसोबी या जोडीचे आयासेही तिथलेच. या गाण्यांतही गिटार भरपूर होती, काही ठिकाणी तर अंगावर येईल इतकी. पण मिकूला श्वास घ्यावा लागत नाही. तिला पाणी प्यायचे नसते, घसा सांभाळायचा नसतो, बाजूला उभ्या असलेल्या कुणाकडे बघून मान हलवायची नसते. त्यामुळे शब्दामागून शब्द येत राहिले आणि पूर्वी जिथे गळा विसावत असे ती मोकळी पट्टी भरून गेली. पुढे हीच वीण माणसांनी उचलली. आजचे गायक-गायिका ही गाणी गातात, ते कसब ऐकून मी थक्क होतो.

आता दोन जोड्या शेजारी ठेवून बघ. १९८८ ची जोडी म्हणजे गायक आणि गिटारवादक. २०१९ मध्ये जमलेली योआसोबी हीसुद्धा जोडीच, पण एक गायिका इकुरा आणि दुसरे संगणकावर सगळे रचणारे आयासे. डिसेंबर २०१९ मध्ये आलेले त्यांचे पहिले गाणे सीडी न निघताही पुढच्या वर्षी बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत पहिले आले. मी ते गाणे आवडीने ऐकतो. त्यातला पियानो मनात घर करतो, आणि ते जे मांडते ते गिटारच्या सोलोने मांडता आले असते असे मी म्हणणार नाही. मला फक्त एवढे दिसते की इकुराने गाता गाता मागे सरून कुणाला पुढे येऊ द्यायचे, असा दुसरा माणूस त्या रचनेत उभा नाही. रचनाकार तर सगळ्याच जागी आहे, त्याला वेगळी जागा करून द्यावी लागत नाही.

आपल्याकडे 'साथ' हा शब्द यासाठी किती नेमका आहे! गवई थांबतो आणि पेटीवाल्याकडे नजर टाकतो. त्या नजरेत हुकूम असतो, विश्वास असतो, थोडे आव्हानही असते. पेटीवाला तीच 'जागा' आपल्या बोटांनी घेऊन दाखवतो आणि गवई "वा" म्हणतो. सोलोचे मर्म मला नेहमी तिथे वाटत आले. बोटांच्या वेगाचे कौतुक मलाही आहे, पण माझा श्वास थांबतो तो गाणारा गप्प होतो त्या निमिषाला.

बाकीची कारणे हिशेबाची आहेत. ॲनिमेच्या, म्हणजे इथल्या चलत्चित्र मालिकेच्या, सुरुवातीला गाण्याला दीड मिनिट मिळते. तेवढ्यात कडवे, चढण आणि साबी बसवली की संपले. ऐकण्याच्या ॲपवर अर्ध्या मिनिटाच्या आत कुणी पुढे सरकले तर ते ऐकणे धरले जात नाही, म्हणून आवाज पहिल्या क्षणापासून लागतो. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींना तर साबीच पुरते. यातले कुठलेच कारण खोटे नाही.

मात्र तरुणांना सोलो नकोच आहे, हे मी कधीही मान्य करणार नाही, आणि त्याचा पुरावा मुक्ताकडेच आहे. तिला 'बोच्ची द रॉक!' या ॲनिमे मालिकेबद्दल विचार. ताइपा हा शब्द ज्या वर्षी निवडला गेला त्याच २०२२ च्या डिसेंबरात तिचा शेवटचा भाग दाखवला गेला. शाळेच्या स्नेहसंमेलनात चार मुलींचा बँड वाजवतो आहे. लाजाळू गिटारवादक हितोरीची पहिली तार ऐन सोलोच्या तोंडावर तुटते आणि दुसऱ्या तारेची खुंटी सुराला धरत नाही. तेव्हा गाणारी किता काय करते? ती पुढचे शब्द गायला घेत नाही. जेमतेम काही महिन्यांत शिकलेल्या आपल्या गिटारवर ती साथीचा तुकडा लांबवत राहते आणि मैत्रिणीसाठी वेळ काढते. हितोरी खाली पडलेला साकेचा रिकामा काचेचा पेला उचलते, तो तारांवर ठेवून सरकवते आणि सोलो पुरा करते. माझ्या शेजारच्या घरातल्या मुलाने हा प्रसंग मला तीनदा लावून दाखवला आणि तिन्ही वेळा तो श्वास रोखून बसला होता. या मालिकेतल्या बँडच्या नावाने निघालेली सीडी तेव्हा विक्रीच्या यादीत पहिली आली होती. सोलोची भूक नसती तर हे घडले असते का?

मग सोलो कुठे आहे? तो गाण्याबाहेर पडून एकटा राहतो आहे. इचिका नितोसारखे तरुण वादक एक-एक मिनिटाच्या चित्रफितींत जे वाजवतात, ते आपल्या काळात आपल्याला स्वप्नातही सुचले नसते. बँड-मेड या रॉक बँडची गिटारवादक कानामी आजही बँडमध्ये उभी राहून सोलो वाजवते, पण ते रॉकच्या चाहत्यांपुरते. सर्वांच्या तोंडी असलेल्या गाण्यात तो सहसा सापडत नाही. गाण्याजवळ सोलो नाही आणि सोलोजवळ गाणे नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या माणसाला गिटारशी काही देणेघेणे नाही, तोही पूर्वी रेडिओवर गाणे ऐकता ऐकता ती सोळा मात्रांची वळणे तोंडाने गुणगुणत असे. ती ओळख तुटली.

सरत्या वर्षाच्या रात्री एनएचके या दूरचित्रवाहिनीच्या 'कोहाकू' या गाण्यांच्या कार्यक्रमात बी'झ पहिल्यांदाच आले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा! दुसऱ्या स्टुडिओत एक गाणे झाले आणि ते संपताच दोघे थेट मुख्य सभागृहात अवतरले. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, त्या हातातले संत्रे तसेच ठेवून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी शुभेच्छांच्या संदेशांत विभागप्रमुखांनी मला तीनच शब्द पाठवले होते: "काल बघितले ना?"

गेल्या रविवारी मी ओचानोमिझूला गेलो होतो. तिथे मेइजी विद्यापीठाच्या उतारावर वाद्यांची दुकाने ओळीने आहेत. एका दुकानात गणवेशातला मुलगा निळी यामाहा पॅसिफिका गिटार मांडीवर घेऊन एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोळत होता. चौथ्या स्वरावर तो दर वेळी अडखळे. त्याच्याबरोबरची मुलगी हलक्या आवाजात साबी गुणगुणे, ती संपली की गप्प होई आणि बोटाने मांडीवर ठेका धरून त्याची वाट बघे. मी तार विकत घेण्याच्या निमित्ताने वीस मिनिटे तिथेच रेंगाळलो. सोळाव्या की सतराव्या खेपेला त्याचा तो स्वर लागला आणि ती पुढचे शब्द गाऊ लागली.

एप्रिलमध्ये तू येशील तेव्हा आपण त्या उतारावर एक अख्खा दिवस घालवू. आणि येताना एक काम कर. सदाशिव पेठेतल्या तुमच्या माळ्यावर आपल्या संमेलनाची ती कॅसेट असेल, जिच्यात दुसऱ्या कडव्यानंतर तू गाणे थांबवून माझ्याकडे बघितलेस आणि मी भीतीने आठ मात्रा उशिरा सुरुवात केली, तरी तू ठेका सोडला नाहीस. ती अजून वाजते का ते बघ. वाजत नसेल तरी घेऊन ये. इथे जुनी फीत दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर माझ्या माहितीचा आहे.

काकूंना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझाच,
अभय