‘बहुतेक लोक’ म्हणजे नेमके कोण?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली वाचली. साठीपुढच्या माणसांचा इतरांवर गावात किती विश्वास आणि शहरात किती, हे तुला मोजायचंय, आणि घोळ पहिल्याच प्रश्नात आहे. ‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार सावध राहावं लागतं?’ देशोदेशी लोकांची मतं विचारणाऱ्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात १९८१पासून हा प्रश्न आहे, तुलनेला लागतो, म्हणून ठेव. पण त्यावर निष्कर्ष बेतू नकोस. ‘बहुतेक लोक’ म्हटल्यावर गावातल्या आजोबांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची घरं आठवतात, शहरातल्या आजींना जिन्यात दिसणारे अनोळखी चेहरे. दोघांची उत्तरं एकाच रकान्यात गेली की गाव आपोआप जिंकतं.

त्याच सर्वेक्षणात पुढे सहा वेगळे प्रश्न आले: घरचे, शेजारी, व्यक्तिशः ओळखीचे, पहिल्यांदाच भेटलेले, दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या देशाचे. उत्तरं चारच: पूर्ण विश्वास, बऱ्यापैकी, फारसा नाही, अजिबात नाही. पहिल्या तिघांची सरासरी एकीकडे काढ, शेवटच्या तिघांची दुसरीकडे. गाव-शहराची तुलना करायची ती या दोहोंमधल्या अंतराची.

जोडीला वागण्याचे प्रश्न हवेत. घराची किल्ली बाहेरच्या कोणाकडे असते? रात्री दोनला छातीत दुखलं तर घरच्यांखेरीज कोणाला हाक माराल? उत्तरात माणसांची संख्या आणि ती किती लांब राहतात, एवढंच लिही, नावं नकोत. २०१९मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं लोकांच्या हाती दिली होती. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल सुमारे ४० टक्के वेळा मालकाला कळवलं गेलं, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्के. लोकांचा अंदाज नेमका उलटा होता. म्हणून ‘लोक कसे वागतील’ आणि ‘तुमच्याशी कसे वागले’ यांचे रकाने वेगळे ठेव.

आता आकडेमोड. गाव आणि शहर, प्रत्येक बाजूला २० वस्त्या, प्रत्येकीत २० जण, म्हणजे ४०० झाले असं तू धरलंयस. तसं होत नाही. एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात. हे साम्य (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच) अवघं ०.०५ धरलं तरी ४०० जणांचं वजन सुमारे २०५ स्वतंत्र उत्तरांइतकंच उरतं, आणि मग गाव-शहरातला १४ टक्क्यांखालचा फरक सहज निसटतो. ४० वस्त्या घेऊन प्रत्येकीत १० जण निवडलेस तर तेच वजन २७६पर्यंत जातं. फिरणं वाढेल, पण माझ्या मते तोच खर्च सार्थकी लागतो.

सगळ्यात मोठा धोका दारात आहे. ज्याचा कोणावरच विश्वास नाही तो तुला दार उघडणार नाही, म्हणजे अविश्वास मोजायला निघालेल्या पाहणीतून विश्वास न ठेवणारा माणूसच गळतो. शहरात ही गळती बहुधा जास्त. प्रत्येक नकाराची नोंद ठेव, वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, आणि तिसऱ्या खेपेला बोललेल्यांची उत्तरं पहिल्या खेपेच्यांशी ताडून बघ. त्यांचा विश्वास कमी निघाला, तर जे बोललेच नाहीत त्यांचा आणखी कमी असणार असं धरायला जागा आहे.

गावात उलटी पंचाईत. मुलाखतीला शेजारी जमतात, आणि त्यांच्यादेखत ‘शेजाऱ्यांवर विश्वास नाही’ असं कोण म्हणेल? नाजूक प्रश्नांना कार्ड दे, बोटानं दाखवू दे. अक्षर ठळक आणि मोठं हवं. ऐकू कमी येत असेल तर मुलगा किंवा सून उत्तर देऊ लागते. ते टिपायचं नाही, हळू आणि समोरून परत विचारायचं. ‘माहीत नाही’ला ‘नाही’त घालू नकोस.

एक रकाना राहिलाय: या पत्त्यावर किती वर्षं? मुलाकडे राहायला येऊन वर्षच झालेलं म्हातारं माणूस शहरात मोजलं जातं, पण त्याचे भरवशाचे लोक गावीच असतात. हा रकाना नसेल तर नुसत्या स्थलांतराचा परिणाम तू शहराच्या नावावर टाकशील. आणि एकाच पाहणीवरून ‘वय वाढलं की विश्वास वाढतो’ असं लिहू नकोस. तो वयाचा गुण की त्या पिढीचा, हे एका वेळच्या आकड्यांतून सुटत नाही.

आधी दोन्हीकडे १५-१५ जणांवर चाचणी घे. प्रत्येकाला शेवटी विचार, ‘बहुतेक लोक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोण आलं?’ ती उत्तरं त्यांच्याच शब्दांत मला पाठव.

तुझी,
आई