ओटीपी मीच सांगितला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या मोबाईल गेमवर सरकारनं बंदी घालावी, अशी पत्रं हल्ली सारखी वाचायला मिळतात. बंदी घालून झालीय की! २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला आणि २०२१ च्या जुलैत बीजीएमआय नाव घेऊन परत आला.

शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी चकमध्ये जॉब लावलेला, हातात मायक्रोमीटर, आणि तेवढ्यात पोराचा फोन आला : "पप्पा, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलाय, सांगा की." सांगून टाकला. कशाचा, ते विचारलं नाही. बँकेचा ओटीपी मी बायकोलासुद्धा सांगत नाही! महिन्याभरानं कळलं, अठराच्या आतल्या पोराला हा बीजीएमआय खेळायचा तर पालकाची परवानगी लागते आणि दिवसाला तीनच तास मिळतात. तो ओटीपी म्हणजे माझी परवानगी होती. तीन तास काय कमी झाले? शाळा, क्लास सोडले तर पोराकडं तेवढेच उरतात.

मग आधी आरडाओरडा केला, वायफाय बंद करून बघितलं. उपयोग शून्य. शेवटी एका रात्री त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, दाखव मला. पॅराशूटनं उतरलो आणि दोन मिनिटांत मेलो. पोरगं पोट धरून हसलं. पण एक गोष्ट कळली. चौघांची टीम असते, बाकीचे तिघं त्याच्याच वर्गातले. डाव अर्धा तास चालतो, मध्येच उठला तर तिघांचा घात होतो. त्याची आई नेमकी तेव्हाच "ताट वाढलंय" म्हणून ओरडायची आणि रोजचं भांडण पेटायचं. आता ताट वाढायच्या आधी विचारतो, "डाव कितीवर आलाय?" तो संपला की मोबाईल कपाटावर. आठवड्यातून दोनदा तरी हे मोडतं, खोटं कशाला बोलू.

आम्ही मंगळवार पेठेतले, म्हणजे फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीच्या टीमचे, पाटाकडीलवाले. त्याच्या वयाचा असताना मी शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडायचो. आणि पोराला एकदाही नेलं नव्हतं, रविवारीही वर्कशॉप चालू ठेवायचो. या सीझनला नेला. मोबाईल घरी ठेवून आला होता. मध्यंतरात दोनदा रिकामा खिसा चाचपला, मग म्हणाला, "पप्पा, तो सात नंबरवाला कुठल्या गल्लीतला?"

आपला,
एक वर्कशॉपवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर